ज्याचं दुखणं त्याच्या हाती बॅग

१

चित्रे डॉक्टरांची बॅग भरणं हे काम गोपीनाथ म्हात्रे देवपूजेसारखं करायचा. खरं सांगायचं तर देवपूजेत त्याच्या चार चुका व्हायच्या, बॅगेत एकही नाही. सकाळी सातला डोंबिवली स्टेशनजवळच्या त्या दवाखान्याचं कुलूप काढायचं, झाडून घ्यायचं, स्टोव्हवर सिरिंजा उकळत ठेवायच्या आणि टेबलावर धुतलेलं फडकं अंथरून बॅगेतली एकेक वस्तू बाहेर मांडायची. सुयांची डबी, स्पिरिटचा दिवा, रबरी नळ्या, हृदयाला उभारी देणाऱ्या कोरामिनच्या काचनळ्या, कापूस, छातीला लावायची नळी. सगळं पुसून, मोजून, ज्याच्या त्याच्या जागी परत. डॉक्टर न बघता हात घालत आणि हवं ते हाताला लागत असे. तसं ते लागलं की गोपीनाथची छाती दोन इंच फुगायची.

बॅगही तशीच देखणी होती. जाड तपकिरी कातडं, दोन्ही मुठी माणसांच्या घामाने काळ्या पडलेल्या, पितळी कडी. तोंड उघडलं की तळापर्यंत सगळं दिसायचं. आतलं मूळ अस्तर केव्हाच फाटलं होतं. आताचं किरमिजी अस्तर डॉक्टरांच्या पत्नीने, उत्तराबाईंनी, आपल्या जुन्या शालूतून शिवलं होतं. बाई दहा वर्षांपूर्वी, त्रेचाळीस साली गेल्या. अस्तराचा टाका मात्र उसवला नव्हता.

ही बॅग डॉक्टर स्वतः कधी उचलत नसत. सगळ्या पंचक्रोशीला ती रीत ठाऊक होती. व्हिजिटला बोलवायला जो येईल त्याने बॅग घ्यायची आणि पुढे चालायचं, डॉक्टर छत्री घेऊन मागून. काम झालं की त्याच घरच्या माणसाने ती परत आणून टेबलावर ठेवायची. यात लहानमोठा नव्हता. ज्याच्या दारात चार बैलजोड्या तो पाटीलही मुकाट्याने बॅग उचलून चालायचा. गोपीनाथला टेबल ते कपाट एवढीच मुभा होती. तो कंपाउंडर, घरचा नव्हे.

"दोन मैल ओझं नेलेल्या हाताने सुई धरून बघ," डॉक्टर एकदा म्हणाले होते. "शीर एकीकडे आणि सुई एकीकडे."

"मग हमाल ठेवूया की."

"हमाल वाटेत विडी ओढायला थांबतो. घरचा माणूस थांबत नाही."

गोपीनाथला हे इतकं पटलं होतं की तो ते आयरेगावात, स्वतःच्या घरी, स्वतःचं म्हणून सांगायचा. आयरेगावातला व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी, झालेला तो पहिला, तेव्हा त्याचं ऐकून घेणं गावाला भाग होतं. त्याची बायको आवडा मात्र पदराआड हसायची.

२

त्या वर्षी श्रावण सरता सरता मोठागावचा धाकू बॅग परत द्यायला आला. आदल्या दिवशी तोच ती घेऊन गेला होता, बापासाठी. बाप पहाटे गेला. दुसरा कोणी असता तर बॅग कोणाच्या तरी हाती पाठवली असती, पण धाकू स्वतः आला. रीत ती रीत. गोपीनाथला त्याचं फार कौतुक वाटलं आणि वाईटही वाटलं.

धाकू मात्र जाईना. दाराशी घुटमळत राहिला.

"दादा, येक विचारू? काल हिच्यान काय भरलं व्हतंस?"

"नेहमीचंच. का रे?"

"नेताना खांदा निखळला माजा. मी मिठाच्या गोनी वाहतंय दादा, मना वजन कलतं. दोनदा वाटलं, खाली ठेवावी. आन आता बघ." त्याने दोन बोटांनी बॅग उचलून दाखवली. "सुपाएवरी हलकी."

गोपीनाथने धाकूच्या पाठीवरून हात फिरवून त्याला घरी पाठवलं. मग बॅग उघडून मोजदाद केली. एक कोरामिन आणि थोडा कापूस खर्ची पडला होता. एवढ्याने माणसाचा खांदा निखळत नाही. काळजीने निखळला असेल, त्याने स्वतःची समजूत घातली. बाप अंथरुणावर असला तर हातातली काठीसुद्धा जड होते.

तरीपण दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो डॉक्टरांच्या नकळत बॅग घेऊन स्टेशनाच्या मालधक्क्यावर गेला. तिथला गोविंदा काट्यावर बसायचा. बॅग भरली साडेसात शेर. दुसऱ्या दिवशी साडेसात शेर. व्हिजिटला जायच्या आधी, आल्यानंतर, तेवढीच.

"अरे, लग्नाची मुलगी आहे का ही?" गोविंदा म्हणाला. "रोज दाखवायला आणतोस ती?"

गोपीनाथ ओशाळून हसला आणि जायचा बंद झाला. पण एक खोड त्याला लागली ती लागलीच. कोणी बॅग घेऊन निघालं की तो दवाखान्याच्या पायरीवर येऊन पाठमोऱ्या माणसाकडे बघत उभा राही. बहुतेक जण हात झुलवत जात आणि त्यांचे पेशंट चार दिवसांत बरे होत. एखादाच असा, की रेल्वे फाटकाच्या आतच एका अंगाला कलायचा. डॉक्टर छत्री टेकत त्याच्या मागून चालत. संध्याकाळपर्यंत त्या घरची बातमी यायची.

अशी तीन माणसं गोपीनाथने पाहिली. तीन म्हणजे काही फार नाही. डोंबिवलीत जड पावलाने चालणारी माणसं पुष्कळ होती.

३

अशा गोष्टी पायरीवर राहत नाहीत, गावात जातात. धाकू बोलला असेल, किंवा आणखी कोणी. भादव्यात कोपरची सखुबाई नातवासाठी धावत आली तोवर तिला सगळं ठाऊक होतं. पोराचा श्वास कोंडला होता. तिने बॅग उचलली, फाटकापर्यंत कशीबशी नेली आणि भर रस्त्यात खाली ठेवून तिच्याशेजारीच बसली.

"नको डाक्टर," ती म्हणाली. "जड हाय. आता येऊन काय करशाल? परत जावा तुमी."

गोपीनाथ पायरीवरून धावला. डॉक्टर कधी आवाज चढवत नसत, तेव्हाही त्यांनी चढवला नाही. छत्री मिटली आणि तिच्यासमोर उकिडवे बसले. कोट चिखलात लोळत होता.

"सखुबाई, जड आहे म्हणून तर मला बोलावलंस ना? हलकी असती तर या गोपीनाथने पुडी बांधून दिली असती. ऊठ."

"पन जड हाय, डाक्टर."

"असू दे जड. ती जड असली की मागे फिरायचं, असं तुला कोणी सांगितलं? मी तरी नाही सांगितलं. ऊठ बघू."

म्हातारी उठली. दोन्ही हातांनी बॅग पोटाशी धरून, अनवाणी, एकेक पाऊल टाकत चालू लागली. मागून डॉक्टर. गोपीनाथला त्या दोघांचा फार अभिमान वाटला. आपण ज्याच्या हाताखाली काम करतो तो माणूस केवढा आहे, हे त्याला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी डॉक्टर एकटेच परतले आणि बॅग त्यांच्या स्वतःच्या हातात होती.

गोपीनाथने दहा वर्षांत हे एकदाही पाहिलं नव्हतं. डॉक्टर दोन्ही हातांनी बॅग धरून, मागे रेलून चालत होते. कोट घामाने पाठीला चिकटला होता. तो पुढे धावला.

"हात लावू नकोस," डॉक्टर म्हणाले. ते बॅग घेऊन दवाखान्यामागच्या आपल्या खोलीत गेले आणि आतून कडी लावली.

गोपीनाथ बाहेर उभा राहिला. आत पाट सरकवल्याचा आवाज झाला. डॉक्टर बसले असतील. मग आणखी एक पाट सरकला. मग मडक्यावरचं झाकण काढल्याचा आवाज, पाणी ओतल्याचा आवाज. पुन्हा काही नाही.

अर्ध्या तासाने डॉक्टर तोंड धुऊन बाहेर आले. बॅग त्यांनी एका हाताने टेबलावर ठेवली.

"पोरगं वाचलं," ते म्हणाले आणि मन भरून हसले.

गोपीनाथही हसला. दुसरा पाट कशाला, हे त्याने विचारलं नाही. एकट्या माणसाला कधी पाट टेकायलाही लागतो. खरं तर डॉक्टर खानावळीत जेवत. त्या खोलीत रोज सकाळी एक घागर पाणी भरून ठेवायचं काम गोपीनाथकडेच होतं, आणि एकट्या माणसाच्या मानाने ते मडकं फार लवकर रिकामं होत असे. त्यालाही त्याच्याकडे कारण होतं. डोंबिवलीत उकाडा फार.

४

पितृपंधरवड्यात आयरेगावच्या विहिरीचं पाणी बिघडलं. ठाकुर्लीच्या पॉवर हाउसचा दुपारचा भोंगा वाजत होता तेव्हा गोपीनाथची आई बायजा दवाखान्याच्या पायरीवर येऊन कोसळली.

"गोपी, आवडीला पहाटपासून जुलाब चाललंत. उलट्या पन. तू निंगालास तवा बोलली नाय ती, तुला कामावर उशीर व्हईल म्हनून. आता डोलं खोल गेलंत रं. पोराला उचलत नाय."

पोर आठ महिन्यांचं होतं. डॉक्टरांनी सलाइनच्या दोन बाटल्या पिशवीत घालून पिशवी स्वतःच्या गळ्यात अडकवली आणि टेबलाकडे मान केली.

म्हणजे आज घरचा माणूस तो होता.

ती बॅग सकाळी त्यानेच भरली होती. कपाटातून काढून टेबलावर त्यानेच ठेवली होती, डाव्या हाताने, उजव्या हातात झाडू असताना. त्याने मूठ धरली आणि उचलली. बॅग हलली नाही. टेबल तेवढं हललं.

त्याने आईकडे पाहिलं नाही, डॉक्टरांकडेही नाही. दोन्ही हात घातले, गुडघे वाकवले आणि ती छातीशी ओढून घेतली. बाहेरून कातडं नेहमीसारखं थंडगार होतं. आत काही खुळखुळलंही नाही. इतकं वजन असताना ते खुळखुळलं नाही, याचीच त्याला जास्त भीती वाटली.

"आई, तू सावकाश ये," एवढंच तो म्हणाला.

आयरेगाव दीड मैल. फाटकानंतर रस्ता संपतो आणि भातशेतातले बांध सुरू होतात. भात पोटरीला आलं होतं, वर लख्ख ऊन होतं, बगळे उतरले होते. गोपीनाथ पुढे, डॉक्टर मागे. त्याला वाटलं, ही चिखलात टाकावी आणि नुसतं धावत सुटावं, आवडीच्या तोंडात पाणी घालावं, निदान शेवटचं तरी. मग वाटलं, डॉक्टरांना सांगावं. आणि सांगितलं तर? सखुबाईला ते एक बोलले होते, पण माणूस आहे, आज थकला असेल, म्हणेल चल परत. सांगायचं नाही, त्याने ठरवलं. मी हात झुलवत चाललोय असं दाखवायचं. त्याने एक हात सोडून झुलवला आणि जवळजवळ बांधावरून खाली गेला.

"खांदा बदल," मागून डॉक्टर म्हणाले.

तो थांबला. वळला नाही.

"बदल. उजवा भरून आलाय तुझा. दहा वर्षं मी मागून चालतोय, गोपीनाथ. जड बॅग मला पाठीवरून कळते. सगळ्यांच्याच कळतात."

"मग डॉक्टर, तुम्ही..."

"चालत राहा, चालत बोल."

गोपीनाथ चालू लागला. ओढ्यावरच्या मोरीवर आले तेव्हा डॉक्टर पुन्हा बोलले, हवापाण्याचं बोलावं तसे.

"तेव्हा आम्ही पलीकडे रामनगरात राहायचो. उत्तराला असंच झालं होतं. निरोप आला, मी दवाखान्यातून बॅग उचलली आणि धावत सुटलो. तेव्हा हमाल नाही, रीत नाही, काही नाही. मी घरचाही आणि डॉक्टरही. पोचलो तेव्हा हात असे थरथरत होते. सात वेळा सुई घातली. शीर होती तिथेच होती. मलाच लागली नाही."

गोपीनाथच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"तेव्हा तू उचल," डॉक्टर म्हणाले. "तू ती उचल आणि माझे हात मला राखू दे. बाकीचं मी बघतो."

५

खोलीत अंधार होता आणि कोंदट वास होता. आवडा भिंतीकडे तोंड करून पडली होती. शेजारणीने पोराला बाहेर नेलं होतं. डॉक्टरांनी मनगट धरलं, मग कोपराचा खळगा, मग मान. कोट काढून खुंटीला लावला आणि अस्तन्या वर केल्या.

"पाय चोळ तिचे. आणि एकेक वस्तू देत जा."

गोपीनाथने बॅग तिच्या पायथ्याशी ठेवली. शेणाने सारवलेली जमीन दबली. एका हाताने तो आवडाचे पाय चोळत होता. गार पाय. डाव्या पायाची करंगळी आत वळलेली, लहानपणी उखळ पडून मोडलेली. तिच्या त्या करंगळीवरून त्याने तिला किती चिडवलं होतं! दुसऱ्या हाताने तो बॅगेतून वस्तू काढून देत होता. सुया, स्पिरिट, नळी, कापूस, पट्टी. पहिली सुई फुकट गेली. दुसरीही. त्याने डॉक्टरांच्या हातांकडे पाहिलं. देवळातल्या समईची ज्योत वारा नसताना असते तसे ते हात होते. साठीला टेकलेल्या माणसाचे, दीड मैल चालून आलेले.

तिसऱ्या वेळी नळीत लाल धागा चढला.

"धर बाटली. उंच."

गोपीनाथ उठला. बॅग पायात येत होती म्हणून त्याने ती पायानेच बाजूला सारायला पाहिली. सरकली नाही. सगळ्या वस्तू बाहेर फडक्यावर मांडलेल्या होत्या. सुया, नळ्या, डब्या, स्पिरिटचा दिवा. त्यानेच काढल्या होत्या. बॅग रिकामी होती.

बाटली उंच धरून त्याने खाली वाकून पाहिलं.

तोंड उघडंच होतं. तळाशी उत्तराबाईंच्या शालूचं किरमिजी अस्तर दिसत होतं आणि ते मधोमध दबलेलं होतं. झोपलेल्या मुलाखाली गोधडी दबते तसं. वर काहीच नव्हतं. तो बघत असताना दबलेली जागा थोडी सरकली, कूस बदलल्यासारखी, आणि कडेचं अस्तर सावकाश वर आलं.

"गोपीनाथ," डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "तिकडे बघू नकोस. बाटलीकडे बघ. थेंब मोज."

त्याने थेंब मोजले. आयुष्यात कधी काही इतकं मनापासून मोजलं नसेल. एक बाटली संपली, दुसरी लागली. दाराबाहेर आई येऊन बसली होती, तिचं पुटपुटणं ऐकू येत होतं. ऊन कौलांवरून उतरलं. डॉक्टर त्याच एका जागी मांडी घालून नाडीवर बोटं ठेवून बसले होते. एकदाही त्यांनी पाय बदलला नाही. गोपीनाथच्या मनात आलं, हा माणूस जर आज म्हणाला, या विहिरीत उडी मार, तर मी कुठल्या विहिरीत एवढंच विचारेन.

दिवेलागणीच्या सुमाराला आवडाने ओठ हलवले.

"पानी," ती म्हणाली.

डॉक्टरांनी डोळे मिटले आणि उघडले. "दे. चमच्याने. मीठ-साखर घालून, उकळलेलं." मग बाहेरच्या म्हातारीला हाक मारली, "बायजाबाई, सून मागतेय तुमची."

६

निघताना गोपीनाथ सवयीने बॅगेकडे गेला. वस्तू त्याने भरल्या होत्या. रीतीप्रमाणे परत नेणंही त्याच्याकडेच होतं. त्याने मूठ धरली. बॅग जितकी जड आली होती तितकीच जड होती.

त्याने डॉक्टरांकडे पाहिलं. धाकूचा बाप गेला, आणि बॅग परतताना हलकी झाली होती. सखुबाईचा नातू वाचला, आणि ती जड बॅग डॉक्टरांनी स्वतः आणली होती. इतकं कळायला व्हर्नाक्युलर फायनल लागत नाही.

"आता माझं हातांचं काम संपलं," डॉक्टर म्हणाले. "थरथरले तर थरथरू देत. तू तिच्याजवळ बस."

त्यांनी बॅग उचलली. दारातून बाहेर पडताना ती उंबरठ्याला घासली आणि उंबरठ्याचा ढलपा निघाला. बायजा पाया पडायला धावली तर ते अजिबात थांबले नाहीत. मागे रेललेली, बुटकी, घामट आकृती बांधावरून संधिप्रकाशात जात राहिली. गोपीनाथने कंदील घेऊन सोबत जायची परवानगी मागितली तर लांबूनच "नको" ऐकू आलं.

सकाळी आवडा गाढ झोपली होती. अंग उबदार होतं, श्वास संथ. पोर तिच्या कुशीत होतं. उठून बसायचंही त्राण तिच्यात नव्हतं. गोपीनाथने तिच्या पायांवर चादर सारखी केली आणि तो दवाखान्यात निघाला. संध्याकाळी एक सर येऊन गेली होती, डॉक्टर निघायच्या आधीच. त्यानंतर थेंब नव्हता. बांधावरचा चिखल ओला होता आणि त्यात डॉक्टरांच्या बुटांचे ठसे स्पष्ट उमटलेले होते. घोट्यापर्यंत खोल. प्रत्येक ठशात पाणी साचलेलं. तो त्यांच्या कडेकडेने चालला.

मोरीजवळ ठसे थांबले होते. तिथे चिखलात एक लांबट चौकोनी खळगा होता. डॉक्टरांनी तिथे बॅग खाली ठेवली होती. दम घ्यायला ठेवली असेल.

तिथून पुढे बुटांचे ठसे नेहमीच्या माणसाचे होते, उथळ. आणि त्यांच्या शेजारी, खळग्यापासूनच सुरू झालेले, अनवाणी पावलांचे ठसे होते. बाईमाणसाचे. लहान ढांगांचे, सावकाश चाललेले, बुटांच्या बरोबरीने. कोणी बाई भारे घेऊन गेली असेल सकाळी, त्याने मनाशी म्हटलं. मग तो खाली बसला आणि नीट पाहिलं.

डाव्या पायाची करंगळी आत वळलेली होती.

गोपीनाथ पुष्कळ वेळ तिथे बसला. मागे वळून घराकडे धावत जावंसं वाटलं, आणि धावत जाऊन काय बघायचं या भीतीने पाय उचलेना. पण आत्ताच तर त्याने तिच्या पायांवर चादर घातली होती. ती श्वास घेत होती. त्याने तो श्वास स्वतः पाहिला होता, ओंजळीएवढा, पण खरा. मग तो उठला, आणि मोरीपासून फाटकापर्यंत अनवाणी पावलांचा एकेक ठसा पायाने पुसत गेला. बुटांचे त्याने राहू दिले.

दवाखान्याचं दार उघडं होतं. बॅग टेबलावर होती. त्याने बोटाने लोटली तर सरकली. डॉक्टर मागच्या खोलीच्या दारात, कडीवर हात ठेवून उभे होते, दाढी केलेले, धुतलेला सदरा घातलेले, आणि फार दमलेले.

"कशी आहे?"

"झोपली आहे, डॉक्टर. पेज मागितली पहाटे."

"छान," डॉक्टर म्हणाले आणि त्यांचा सगळा चेहरा उजळला. "छान झालं."

दार पूर्ण लागलेलं नव्हतं. फटीतून भिंतीलगत मांडलेल्या पाटांची रांग दिसत होती. प्रत्येक पाटापुढे एक फुलपात्र. पाटांवर कोणी नव्हतं. शेवटचा पाट नवा होता आणि त्याच्यासमोरच्या फरशीवर चिखल वाळत होता. त्याहून जास्त त्याला दिसलं नाही, कारण डॉक्टरांनी दार ओढून घेतलं.

गोपीनाथच्या मनात होतं ते तोंडाशी आलं.

"पुढच्या वेळी परतताना मी उचलतो, डॉक्टर. जड असली तरी. तुम्ही एकट्याने किती न्यायच्या?"

डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात अजून थरथरत होता.

"तुझ्या घरी ती आहे, गोपीनाथ," ते म्हणाले. "ती आणि बॅगेतली, दोघी एका घरात नकोत. माझं घर रिकामं आहे."

मग ते हात धुवायला गेले. बाहेर पायरीवर पहिला पेशंट येऊन बसला होता. गोपीनाथने स्टोव्ह पेटवला, सिरिंजा उकळत ठेवल्या, फडकं अंथरलं आणि बॅग उघडून वस्तू मांडल्या. अस्तर सपाट होतं. सगळं पुसून ज्याच्या त्याच्या जागी परत ठेवलं. मग घागर घेऊन विहिरीवर गेला आणि मागच्या खोलीचं पाणी भरलं. दाराकडे न बघता घागर उंबरठ्याशी ठेवली.

जरा वेळ तसाच उभा राहिला. आत पाट सरकल्याचा आवाज झाला, अगदी हलका.

तो परत विहिरीवर गेला आणि आणखी एक घागर घेऊन आला.